अश्वपालकांच्या शंका: पोनीची जाड मान, शिंगराची कोवळी पाठ आणि तंगाचा राग

आलेल्या पत्रांत घोड्याची जात, रंग, वंशावळ यांचं वर्णन भरभरून असतं. वजनाचा आकडा मात्र बहुतेक पत्रांत नसतो. चारा, औषध, स्वार या तिन्हींचा हिशेब वजनावरच होतो, म्हणून आधी वजनाशी जोडलेला प्रश्न घेतो.

प्रश्न: माझ्याकडे एक अरबी घोडी आणि एक शेटलंड पोनी आहे. दोघं एकाच कुरणात चरतात, दोघांना दोन वेळा चंदी (दाण्याचा खुराक) मिळते, पोनीला अर्थातच कमी. घोडी सडपातळ राहते. पोनीची मान मात्र आयाळीच्या रेषेत जाड आणि टणक झाली आहे. गेल्या आठवड्यापासून तो कडक जमिनीवर आखूड पावलं टाकतो, मऊ मातीवर त्यापेक्षा बरा चालतो. खुरात काही रुतलं असेल का?

काही रुतलं असतं तर तो बहुधा एकाच पायाने लंगडला असता. दोन्ही पुढचे पाय जपून टाकणं, कडक जमिनीवर त्रास वाढणं आणि सोबत ती टणक मान, हे सगळं मिळून लॅमिनायटिसकडे, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांच्या आजाराकडे, बोट दाखवतं. पशुवैद्याला आजच बोलवा, उद्यावर टाकू नका.

खुराची भिंत आतल्या हाडाला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी धरून ठेवते. या पापुद्र्यांना इजा झाली की पकड सैल होते आणि घोड्याच्या भाराने हाड आत फिरतं किंवा खाली सरकतं. पोनीमध्ये यामागे बहुतेक वेळा रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन असतं. शेटलंडसारख्या जाती खुरट्या, निकस चाऱ्यावर तग धरत घडल्या. हिरवंगार कुरण आणि वर चंदी त्यांना झेपत नाही. तुमच्या अरबी घोडीला जे पुरतं तेच पोनीला बाधतं, मग माप कितीही कमी ठेवा.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहा. पुढच्या पायाच्या घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटं हलकी टेकवा. निरोगी घोड्याची नाडी तिथे शोधावी लागते. लॅमिनायटिसमध्ये ती ठोके देत बोटाला जाणवते. मग त्याची उभं राहण्याची ढब पाहा. पुढचे पाय पुढे टाकून, टाचांवर रेलून, मागच्या पायांवर भार घेत असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

वैद्य येईपर्यंत कुरण बंद, चंदी पूर्ण बंद. अंथरूण निदान १५ ते २० सेंटिमीटर जाड करा आणि ते ठाणाच्या दारापर्यंत पसरा, नाहीतर पाणी प्यायला येताना तो पुन्हा कडक फरशीवरच उभा राहील. पाणी जवळ ठेवा. ‘थोडं फिरवलं की पाय मोकळे होतील’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, प्रत्येक पावलागणिक पापुद्रे आणखी फाटतात.

इथे एक उलटी चूकही होते: घाबरून पोनीला उपाशी ठेवणं. लठ्ठ पोनीचं खाणं अचानक तोडलं तर शरीरातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागतं आणि तो त्यातच दगावू शकतो. म्हणून मोजून द्यायचं. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग (खोगीर आवळायचा पट्टा) बसतो तिथे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की अंदाजे किलो मिळतात. घेर १४० आणि लांबी १३० असेल तर वजन साधारण २१४ किलो. त्याच्या दीड टक्का म्हणजे दिवसाला ३.२ किलो सुका अंश. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतो, त्यामुळे वजनकाट्यावर ते साडेतीन किलोच्या थोडं वर जाईल. हे गवत तीन-चार वेळांत विभागून, बारीक छिद्रांच्या जाळीत द्या, म्हणजे पुरवून खाल्लं जातं.

गवत आधी तोलून मग अर्धा ते एक तास भरपूर थंड पाण्यात बुडवून ठेवा. काही साखर पाण्यात उतरते. ते पाणी फेकून द्यायचं, त्याला पिऊ द्यायचं नाही. साखरेबरोबर क्षारही निघून जातात, म्हणून साखरविरहित खनिज मिश्रण सुरू ठेवावं लागतं. उन्हाळ्यात गवत जास्त वेळ भिजवलं तर ते आंबतं.

वैद्यांकडून रक्तातल्या इन्सुलिनची तपासणी करून घ्या. पोनी पंधरा वर्षांच्या पुढचा असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा विकारही तपासायला सांगा. तोही याच वाटेने खुरापर्यंत पोहोचतो.

प्रश्न: आमचा मारवाडी नर पुढच्या महिन्यात दोन वर्षांचा होईल. अंगापिंडाने तो पूर्ण घोडा दिसतो. चाबूकस्वार म्हणतात, आत्ताच पाठीवर बसलं नाही तर पुढे आवरणार नाही. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतानाच धावतात, मग आम्ही का थांबायचं?

उंची दिसते, हाडांच्या टोकांची वाढ दिसत नाही. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची चकती असते. ती हाडात बदलली की त्या हाडाची वाढ संपते. हे साधारण खालून वर घडत जातं. नळीच्या हाडाची खालची चकती पहिल्या वर्षातच बंद होते. पुढच्या गुडघ्याच्या लगेच वरची चकती बंद व्हायला दोन ते अडीच वर्षं लागतात. पाठीच्या मणक्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते, पाच वर्षांचा झाल्यावर किंवा त्याच्याही पुढे. खोगीर बसतं ते नेमकं या शेवटी पक्क्या होणाऱ्या भागावर.

शर्यतीचं उदाहरण इथे अर्धवट लागू पडतं. तिथे स्वार हलका असतो, पाठीवरचा वेळ थोडा असतो आणि घाईमागे अर्थकारण असतं. त्यातला एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. वाढत्या वयात मोकळं पळालेल्या घोड्याची हाडं ठाणाला बांधून वाढवलेल्या घोड्यापेक्षा मजबूत होतात. म्हणजे हालचाल लवकर आणि भरपूर हवी, पाठीवरचा भार मात्र उशिरा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझान नर चौथ्या वर्षाच्या आसपास शिकवायला घेतात. आइसलँडमध्येही स्वारीची सुरुवात साधारण त्याच वयात होते. या दोन्ही जाती म्हातारपणापर्यंत कामाच्या राहतात.

वयाची खात्री दातांनी करा. समोरच्या मधल्या जोडीचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून कायमचे येतात, त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला आणि कडेची साडेचारला. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि हिरडीजवळ निमुळता असतो. विकत घेताना सांगितलेलं वय आणि दातांनी सांगितलेलं वय वेगळं निघालं तर दातांवर विश्वास ठेवा. याच काळात दाढांवरची दुधाची टोपणं सुटत असतात आणि वरच्या दाढांच्या पुढे एखादा लहानसा लांडगादात असू शकतो. लगामाची कडी त्याला लागली की घोडा मान झटकतो आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. तोंडात लोखंड घालण्याआधी दात तपासून घ्या.

आता आवरण्याचा मुद्दा. घोडा आवरतो तो पाठीवर बसल्याने नव्हे, जमिनीवरून शिकवल्याने. दोन ते तीन वर्षांचं सगळं काम जमिनीवरचं: मोरकीला हाताबरोबर चालणं, थांबणं, मागे सरकणं, चारही खूर उचलू देणं, अंगावरून फडकं फिरवू देणं, वाहनात चढणं, दोन लांब दोरांनी मागून हाकलं जाणं. आठवड्यातून तीन-चार दिवस, एका वेळी १५ ते २० मिनिटं पुरतात. रिंगणात दोरावर गोल फिरवणं मात्र जपून. वर्तुळ लहान असलं की आतल्या पायाच्या सांध्यांवर पीळ बसतो. वर्तुळाचा व्यास १८ ते २० मीटर ठेवा आणि पाच-दहा मिनिटांत थांबा. दम काढण्यासाठी घोड्याला गरगर फिरवण्यातून तो फक्त अधिक दमाचा होतो.

मागे सरकण्याचा धडा जरा जवळून पाहू, कारण पुढचं सगळं शिक्षण याच तत्त्वावर चालतं. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभे राहा. मोरकीच्या खाली चार बोटांवर दोर धरा आणि छातीच्या दिशेने हलका दाब द्या, पिकलेलं फळ दाबून पाहावं तितकाच. घोडा आधी नाक वर करेल, मग तुमच्यावर रेलेल. दाब वाढवू नका, सोडूही नका. काही क्षणांत तो भार मागच्या पायांकडे नेईल. पाऊल अजून उचललेलं नसेल, फक्त खांदा मागे सरकल्यासारखा दिसेल. त्याच क्षणी दोर पूर्ण ढिला. तीन-चार सेकंद काहीच करू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो एक पाऊल मागे टाकतो. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. तो तुमच्यावर रेललेला असताना कंटाळून हात सोडलात तर रेलणंच शिकवलंत. बिघडलेल्या बहुतेक घोड्यांचं मूळ या एका सेकंदाच्या चुकीत सापडतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास रिकिबी काढलेलं हलकं खोगीर चढवा. तंग आधी फक्त घसरणार नाही इतकाच, मग चार पावलं चालवा, मग एक भोक. साडेतीनच्या आसपास हलका स्वार आधी पोटावर आडवा पडेल, तसाच चार पावलं जाईल, उतरेल. हे तीन-चार दिवस कंटाळवाणं वाटू लागलं की मग पाय पलीकडे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये. नवशिक्या पाठीला १५ टक्के बरे. ४०० किलोच्या घोड्याला म्हणजे सगळं मिळून ६० किलो. पहिले काही आठवडे फक्त पावलाची चाल, दहा मिनिटं, सरळ रेषेत. चौथ्या वर्षी दुडकी वाढवा. उड्या आणि आवळ वळणं पाचव्या वर्षानंतर.

आणि या नराकडून पैदास करायची नसेल तर त्याला खच्ची करून घेणं हाच प्रामाणिक सल्ला. वर्षानुवर्षं एकटा, इतर घोड्यांपासून दूर ठाणाला बांधलेला नर रागीट होतो. त्यात जातीचा काही दोष नसतो.

प्रश्न: रोज रात्री घोड्याला गव्हाच्या कोंड्याची गरम पेज देतो, साधारण दोन किलो कोंडा. पोट साफ राहतं असं ऐकलं आहे. हे बरोबर आहे ना?

नाही. कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो आणि त्यातला बराच फायटेटच्या रूपात, जो कॅल्शियम आणखी अडवून धरतो. घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट हवं, बरोबरीच्या खाली कधीच नको. हे प्रमाण महिनोन्‌महिने उलटं राहिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं पोकळ होऊन सुजल्यासारखी दिसतात, घोडा पाय बदलत लंगडतो. पिठाच्या गिरण्यांवर कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांत हे पूर्वी इतकं दिसायचं की इंग्रजीत त्या रोगाला गिरणीवाल्यांचंच नाव पडलं.

कोंडा आठवडाभरात हळूहळू बंद करा. पोट साफ राहण्यासाठी लागतं लांब धाग्याचं गवत, वजनाच्या दीड ते दोन टक्के; स्वच्छ पाणी, दिवसाला २५ ते ४५ लिटर, उन्हात आणि कामात त्याहून जास्त; आणि मीठ, दर १०० किलो वजनामागे सुमारे १० ग्रॅम. आठवड्यातून एकदाच पेज देण्याचाही फायदा नाही. आतड्यातल्या जंतूंना खाण्यातला कोणताही बदल अंगवळणी पडायला सात ते दहा दिवस लागतात आणि आठवड्याची मेजवानी त्यांना दर वेळी नवीच वाटते.

प्रश्न: सात वर्षांची थरोब्रेड घोडी एरवी गरीब आहे. तंग आवळायला घेतला की कान मागे टाकते आणि चावायला येते. चाबकाचा आवाज केला की थांबते, पण दुसऱ्या दिवशी तेच. सवय कशी मोडावी?

सवय मोडण्याआधी ती कशाची, हे पाहावं लागेल. ‘थरोब्रेड म्हणजे गरम डोक्याची’ हे वाक्य या बाबतीत फार नुकसान करतं, कारण त्यामुळे कोणी पोट तपासत नाही.

घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो. माणसासारखं जेवणाच्या वेळेपुरतं नाही. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून बचाव करणारं अस्तर नसतं. चघळताना सुटणारी लाळ आणि पोटातला गवताचा थर हाच काय तो बचाव. रात्री दहाला गवत संपलं आणि सकाळी सहाला रिकाम्या पोटी खोगीर चढलं तर प्रत्येक दुडकीला आम्ल वर उडतं. कामातल्या थरोब्रेडमध्ये जठराचे व्रण अगदी नेहमीचे. तंग आवळताना चावणं, चंदी अर्धी सोडणं, केस निस्तेज होणं, बाजूला वळून पोटाकडे पाहणं ही त्याची लक्षणं. खात्री फक्त दुर्बिणीने जठर पाहूनच होते आणि औषधाचा डोस वैद्याने ठरवायचा. तोपर्यंत निदान एवढं करा: गवताशिवाय सलग पाच-सहा तासांहून जास्त वेळ जाऊ देऊ नका. खोगीर चढवण्याआधी अर्धा तास दोन-तीन मुठी कापलेलं गवत खायला द्या. धान्य एका वेळी दोन किलोच्या आत ठेवा आणि शक्य असेल तर त्यातला काही भाग तेल किंवा भिजवलेल्या बीटच्या चोथ्याने बदला.

मग खोगीर. खाली काहीही न घालता ते पाठीवर ठेवा. विदर्स, म्हणजे मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा, त्याच्या वर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. खोगिराचा पुढचा टणक सांगाडा खांद्याच्या फाऱ्यामागे हवा, त्याच्यावर नको. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये. काम झाल्यावर खोगीर उतरवून घामाची छाप पाहा. सगळी पाठ ओली आणि मधेच तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे. त्याच जागी पांढरे केस उगवले असतील तर दाब जुना आहे. थरोब्रेडचा विदर्स उंच आणि पाठ अरुंद असते. रुंद पाठीच्या क्वार्टर हॉर्ससाठी घेतलेलं खोगीर तिच्यावर पुढे झुकून हाडावर टेकतं. जाड नमदा घालून ही चूक भरून निघत नाही, बूट घट्ट होत असताना आणखी एक मोजा चढवण्यासारखं होतं ते.

हे दोन्ही निस्तरल्यावर राहिली ती नुसती आठवण. तंग तीन वेळा आवळा: ठाणात फक्त टेकेल इतका, अंगणात वीस पावलं चालवून दोन भोकं, बसण्याआधी शेवटचं. आवळताना तिने कान पुढे ठेवले की हात लगेच थांबवा. चाबकाचा आवाज बंद. तो तिला फक्त इशारा न देता चावायला शिकवेल.

प्रश्न: घोडा दुडकी धरतच नाही, पावलाच्या चालीतून काहीतरी घसरत्या, हादरे न देणाऱ्या चालीत जातो. हा दोष आहे की रवाल?

कानांनी ठरवा. कडक जमिनीवर कोणाला तरी बसवून चालवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, आवाज दोन ठोक्यांचा येतो. एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडले तरीही दोनच ठोके येतात, ती पेस. चार सुटे, सारख्या अंतराचे ठोके घाईने आले तर ती रवाल. आइसलँडिक घोड्याची टोल्ट याच घराण्यातली. शंका राहिली तर मोबाइलवर संथ गतीने चित्रित करून पावलं मोजा.

ही देणगी जन्माची असते. २०१२ साली स्वीडनच्या संशोधकांनी अशा चालीमागचा, डीएमआरटी३ या जनुकातला एक बदल शोधून काढला. आइसलँडिक, टेनेसी वॉकिंग, पासो फिनो अशा जातींत तो सर्रास सापडतो. जन्माचीच असल्यामुळे ती शिकवायची नसते, फक्त स्वच्छ करायची असते. चाल पेसकडे झुकत असेल तर संथ करा, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या बल्ल्यांवरून चालवा, हलक्या चढावर न्या. दुडकीकडे झुकत असेल तर स्वाराने खोगिरात खोल बसावं आणि मान किंचित उंच धरायला लावावी, ओढून नव्हे. लगाम खेचून, खुरांना वजन लावून किंवा खुराची टोकं लांब वाढवून काढलेली चाल दिसायला भारी असते आणि घोट्यामागच्या कंडरांना महागात पडते.

प्रश्न: घोडी पहिल्यांदाच विणार आहे. वेळेला काय जवळ ठेवावं आणि केव्हा मदतीला धावावं?

गर्भकाळ साधारण ३४० दिवसांचा. ३२० ते ३६५ मधला कोणताही दिवस चालतो, त्यामुळे तारखेपेक्षा कास पाहा. दोन ते चार आठवडे आधी ती भरू लागते. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले की बहुधा एक-दोन दिवस उरले. घोड्या बहुतेक वेळा रात्री, आजूबाजूला कोणी नसताना वितात. जागा स्वच्छ हवी, किमान चार मीटर बाय चार मीटर, पेंढ्याच्या जाड अंथरुणाची. जवळ घड्याळ, विजेरी, स्वच्छ टॉवेल, शेपटीला गुंडाळायची पट्टी, ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक), धारदार कात्री आणि वैद्याचा नंबर.

पाणमोट फुटली की घड्याळ लावा. दहा-पंधरा मिनिटांत पांढुरक्या पडद्यात एक खूर, त्याच्या थोडा मागे दुसरा आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक दिसायला हवं. खुरांचे तळ खाली. तळ वर दिसले, एकच पाय आला किंवा काहीच आलं नाही तर लगेच फोन. घोडीची वीण गाय-म्हशीसारखी रेंगाळत नाही. अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी बाहेर आली तर वैद्याची वाट पाहू नका. वार आधीच सुटली आहे आणि पिल्लाचा प्राणवायू तुटला आहे. कात्रीने ती पिशवी कापा आणि घोडीच्या कळेबरोबर शिंगरू खाली आणि बाहेर ओढा.

नाळ कापू नका. घोडी उठताना किंवा शिंगरू धडपडताना ती आपोआप योग्य जागी तुटते. बुंधा क्लोरहेक्सिडीनमध्ये बुडवा, पहिले दोन-तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा. पुढचा हिशेब सोपा आहे: एका तासात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार. तिसरा आकडा चुकला तर वार ओढायची नाही. जमिनीवर लोळू नये म्हणून वर बांधून ठेवा आणि वैद्याला बोलवा. आत राहिलेल्या तुकड्याने घोडीला लॅमिनायटिस होतो. पडलेली वार पसरून फाटलेली जागा आहे का पाहा आणि वैद्य येईपर्यंत बादलीत जपून ठेवा.

शिंगराला गर्भात असताना आईकडून प्रतिकारद्रव्यं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून येतात आणि आतडं ती फक्त पहिल्या दिवसभरच आत घेतं. पहिल्या सहा तासांत चीक पोटात जायला हवा. विण्याच्या आधी काही दिवस कासेतून चीक गळून गेला असेल तर हे आधीच वैद्याला सांगा. १८ ते २४ तासांनी रक्तातलं आयजीजी, म्हणजे हेच प्रतिकारद्रव्य, तपासून घ्या. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निश्चिंत, ४०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा द्यावा लागतो. पहिल्या दिवसात काळसर, चिकट शेण पडलं नाही आणि शिंगरू शेपटी वर करून कुंथत असेल तर एनिमा लागेल.

आणि कौतुकाला आवर घाला. शिंगराचे पुढचे पाय खांद्यावर घेऊन काढलेले फोटो आत्ता गोड वाटतात. वर्षभराने तेच पाय दोनशे-अडीचशे किलोंच्या जनावराचे असतात.

प्रश्न: अबलख रंगाची जोडी जुळवली तर शिंगरू अबलखच होईल का?

आधी जोडीची जनुकीय तपासणी. काही अमेरिकी जातींत दिसणारा ‘फ्रेम ओव्हेरो’ नावाच्या पांढऱ्या ठिगळांमागचं जनुक नर आणि मादी दोघांत असेल तर चारात एक या प्रमाणात शिंगरू पूर्ण पांढरं, आतड्याला मज्जातंतू नसलेलं जन्मतं आणि काही दिवसांतच पोटदुखीने जातं. त्यावर इलाज नाही. वाहक घोड्यावर कधी कधी पांढरं जवळपास नसतंच, त्यामुळे डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. केसांच्या मुळांवरून तपासणी होते. जोडीतला एकच वाहक असेल तर हा धोका नाही. अबलखचे इतरही प्रकार आहेत, त्यांना ही अडचण लागू नाही.

प्रश्न: घामाघूम घोड्यावर थंड पाणी ओतलं तर स्नायू आखडतात म्हणतात. मग फक्त पाय ओले करावेत का?

हा समज जुना आणि चुकीचा. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उष्ण-दमट हवेत झालेल्या अभ्यासांत थंड पाणी अंगभर ओतणंच सगळ्यात परिणामकारक ठरलं. मान, छाती, पाठ, पुठ्ठे, सगळीकडे सतत ओता. पाणी पुसून काढत बसू नका, वरून नवं ओतत राहा. सावली आणि वारा असेल तर उत्तम. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो उष्णता अडकवतो. प्यायला पाणी लगेच द्या, रोखू नका. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून दर दहा मिनिटांनी ताप पाहा. विसावलेल्या घोड्याचा ३७.५ ते ३८.५ अंश असतो. ४० च्या वर असेल तर पाणी चालूच ठेवा, ३९ च्या खाली आल्यावर थांबवा. श्वास मंदावल्यावर हृदयाचे ठोके मोजा, डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवून. सावलीत अर्ध्या तासाने ते मिनिटाला ६० च्या वर राहिले, ताप उतरत नसला किंवा घोडा पाण्याला तोंड लावत नसला तर वैद्याला बोलवा.